डिस्कवर्ल्ड वाचायचंय, पण ४१ पुस्तकांतलं पहिलं कुठलं उचलायचं?

टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाच्या डिस्कवर्ल्ड या विनोदी फँटसी सिरीजमध्ये ४१ कादंबऱ्या आहेत, पहिली १९८३ ची आणि शेवटची २०१५ ची. इकडं साताऱ्यात इंग्रजी वाचणाऱ्या पोरापोरींकडून मला एकच प्रश्न परत परत येतो, की ताई नाव लय ऐकलंय पण सुरुवात कुठून करू, आणि विचारायच्या आधी त्यांनी ऑनलाइन शोधलेलं असतं, तिथं बाणांनी भरलेला एक भला मोठा तक्ता बघितलेला असतो आणि तो बघूनच निम्मा उत्साह गेलेला असतो. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण ही पुस्तकं अवघड नाहीत, हसवतात, आणि हसवता हसवता गरिबी, देव, मरण, न्याय-अन्याय या सगळ्यावर असं काही बोलतात की पुस्तक मिटल्यावर पण ते डोक्यात चालूच राहतं. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

माझं मत आधीच सांगून टाकते. नंबर एकपासून सुरुवात करू नका. तुम्हाला ज्या गोष्टीत आधीपासून रस आहे त्या गोष्टीभोवती फिरणारं पुस्तक घ्या, आणि ते आवडलं की मग मात्र त्याच कॅरॅक्टरची पुढची पुस्तकं क्रमानंच वाचा.

सिरीज कुठल्या प्रकारची आहे ते आधी बघायचं

कुठलीही लांबलचक फँटसी हातात घेताना हे पहिलं बघा, की सगळे भाग मिळून एकच गोष्ट आहे का प्रत्येक पुस्तकात गोष्ट पुरी होते. रॉबर्ट जॉर्डनची व्हील ऑफ टाइम १४ मुख्य भागांची आहे, तिथं विचार करायचं कारणच नाही, पहिल्या भागापासून जायचं, मधेच शिरलात तर कोण कुणाचा कोण काही कळणार नाही. उलट आपला फास्टर फेणे बघा, लहानपणी वाचनालयात जो भाग हाताला लागला तो घरी आणला आणि कुणाचं काही अडलं नाही.

डिस्कवर्ल्ड या दोन्हीच्या मधे बसते. जग एक, शहर एक, माणसं तीच तीच भेटत राहतात, पण प्रत्येक पुस्तकातली गोष्ट त्याच पुस्तकात संपते. फक्त काही कॅरॅक्टरची पाच-पाच आठ-आठ पुस्तकं आहेत आणि त्यात ती माणसं बदलत जातात, लग्न करतात, बढती घेतात, म्हातारी होतात (एका कॅरॅक्टरच्या अशा पुस्तकांना मी पुढं धागा म्हणणार आहे). भिलारला, म्हणजे पाचगणीजवळच्या आपल्या पुस्तकांच्या गावात, २०१७ पासून घराघरांत पुस्तकं ठेवलीत, एका घरात कविता, एकात बालसाहित्य, एकात इतिहास, आणि तिथं गेल्यावर कुणी एक नंबरचं घर कुठलं असं विचारत बसत नाही, ज्याला जे आवडतं त्या घरात तो शिरतो आणि तिथून मग शेजारच्या. ही सिरीज अगदी तशीच वाचायची आहे.

जगाची ओळख तर आपल्याला वेगळी करून द्यायलाच नको. ताटासारखं सपाट जग, ते चार हत्तींच्या पाठीवर, आणि ते हत्ती एका अजस्र कासवाच्या पाठीवर, कासवाचं नाव आतुइन, ते अवकाशात पोहत चाललंय. दिग्गज आणि कूर्म आजीच्या गोष्टीत ऐकलेल्या माणसाला हे वाचताना परकं वाटत नाही, प्रॅचेटनं अशाच जुन्या समजुती उचलून हे जग रचलंय. आणि या जगातलं सगळ्यात मोठं, सगळ्यात घाण आणि सगळ्यात जिवंत शहर म्हणजे आंक-मॉरपॉर्क. बऱ्याच पुस्तकांचा रस्ता कधी ना कधी या शहरातून जातो.

अजून एक गोष्ट, ज्यांना अर्धवट राहिलेल्या सिरीजचा धसका आहे त्यांच्यासाठी. ही सिरीज संपलेली आहे. प्रॅचेट १२ मार्च २०१५ ला गेला, शेवटची कादंबरी त्याच वर्षी नंतर आली, आणि अपुरं लिखाण ज्या हार्ड ड्राइव्हवर होतं ती त्याच्याच इच्छेप्रमाणं २०१७ मध्ये रोड रोलरखाली चिरडून टाकली. त्याच्या मुलीनं पण पुढं लिहिणार नाही असं सांगितलंय. म्हणजे ४१ म्हणजे ४१च, उद्या कुणी बेचाळिसावं आणून तुमचा हिशेब बिघडवणार नाही.

पहिलं पुस्तक पहिलं का नको

द कलर ऑफ मॅजिक हे १९८३ चं पुस्तक. रिन्सविंड नावाचा एक पळपुटा जादूगार, त्याच्या मागं लागलेला एक भाबडा पर्यटक आणि त्या पर्यटकाची पायांवर चालणारी पेटी. वाईट अजिबात नाही. पण ते लिहिलंय त्या काळच्या आणि त्याच्या आधीच्या इंग्रजी फँटसी कादंबऱ्यांची खिल्ली उडवायला. कोनान नावाचा रानटी तलवारबाज, ड्रॅगनवर बसणारे योद्धे, समुद्रातून उठणारे भयानक देव, हे सगळं ज्यानं आधी वाचलंय त्याला ते हसू येतं, आपल्यापैकी बहुतेकांनी ते वाचलेलंच नसतं त्यामुळं विनोद डोक्यावरून जातो आणि माणूस म्हणतो बास, आपल्याला नाही जमणार हे. वरून गोष्ट शेवटी अधांतरी सुटते, पुढचा भाग द लाइट फँटास्टिक १९८६ मध्ये आला तेव्हा कुठं ती पुरी झाली.

आणि लेखक पण तेव्हा अजून तयार होत होता. प्रॅचेट आधी पत्रकार होता, मग वीज मंडळाच्या प्रसिद्धी खात्यात नोकरीला. सुरुवातीच्या पुस्तकांत विनोदामागं विनोद येतात पण कथानक सैल आहे. १९८७ च्या मॉर्टपासून त्याच्या हाताला गोष्ट लागली, १९८९ च्या गार्ड्स! गार्ड्स! पासून माणसं लागली, आणि नव्वदच्या दशकात त्याच्या विनोदाच्या आत एक राग दिसायला लागला, गरिबाला फसवणाऱ्या व्यवस्थेबद्दलचा राग, आणि माझ्या मते खरा प्रॅचेट तो आहे. चारपाच पुस्तकं वाचून प्रेमात पडल्यावर मागं जाऊन द कलर ऑफ मॅजिक वाचा, तेव्हा ते छान लागतं, कारण ओळखीचं शहर किती कच्चं होतं ते बघायला मिळतं.

मग कुठून? एकेक धागा बघूया

गार्ड्स! गार्ड्स! हे माझं बहुतेकांसाठीचं उत्तर आहे. आंक-मॉरपॉर्कमध्ये रात्रीचे पहारेकरी आहेत, मोजून तीनचार, शहरात त्यांना कुत्रं विचारत नाही, त्यांचा कॅप्टन सॅम व्हाइम्स दिवसरात्र प्यायलेला. तिथं खेड्यातून एक पोरगा भरती व्हायला येतो, कॅरट, धिप्पाड, बुटक्यांच्या (ड्वार्फ) जमातीनं सांभाळलेला, आणि तो कायद्याचं पुस्तक खरंच वाचून आलेला असतो आणि त्याप्रमाणं खरंच वागायला लागतो. त्याच वेळी एक गुप्त मंडळी ड्रॅगन बोलावते. पोलीस चौकी, बदल्या, वरून येणारे फोन, हे ज्याला माहितीय त्या आपल्या माणसाला हे पुस्तक पहिल्या प्रकरणापासून लागतं (प्रकरणं नाहीत खरं तर, त्याबद्दल खाली सांगते). रहस्यकथा आवडत असेल, ड्रॅगन-जादू नको वाटत असेल, तर डोळे झाकून हेच घ्या.

या धाग्याचा खरा फायदा म्हणजे पुढची वाढ. दुसरं पुस्तक मेन अॅट आर्म्स, १९९३. त्यात व्हाइम्स बुटांवर विचार करतो. त्याचा पगार महिन्याला ३८ डॉलर. चांगले चामड्याचे बूट ५० डॉलरला, ते दहा वर्षं टिकतात. गरिबाला परवडणारे १० डॉलरचे, ते एकदोन मोसमात तळातून झिजतात. म्हणजे श्रीमंत माणूस ५० डॉलरमध्ये दहा वर्षं कोरड्या पायानं हिंडतो आणि गरीब तेवढ्याच काळात १०० डॉलर घालवतो आणि पाय ओलेच. एवढा साधा हिशेब, पण महिन्याच्या शेवटी हलकी चप्पल घ्यायची का महिनाभर थांबून चांगली घ्यायची हा विचार ज्यानं केलाय त्याला ते वाचताना गप्प व्हायला होतं. फँटसीत असं काही वाचायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं, आणि मी लोकांच्या मागं लागून हे पुस्तक वाचायला लावते ते या पानासाठी.

मॉर्ट, १९८७. मृत्यू हे या सिरीजमधलं एक चालतंबोलतं कॅरॅक्टर आहे, हाडांचा सापळा, मोठ्या कॅपिटल अक्षरांत बोलतो, मांजरं आवडतात, करी आवडते. आपल्या यमाला रेडा आणि याला पांढरा घोडा, घोड्याचं नाव बिंकी. तो एका शेतकऱ्याच्या धांदरट पोराला, मॉर्टला, शिकाऊ म्हणून कामाला ठेवतो, आणि ते पोरगं जिचा जीव आणायचा त्या राजकन्येलाच वाचवून बसतं. आटोपशीर पुस्तक, एक सरळ गोष्ट, भाषा सोपी. कॉलेजच्या मुलांना, किंवा ज्यांनी आजवर इंग्रजी कादंबरी शेवटपर्यंत नेलेली नाही त्यांना मी हे देते.

त्याच्या पुढचं रीपर मॅन (१९९१) माझं फार लाडकं आहे. मृत्यूला कामावरून काढून टाकतात, त्याच्या हातात पहिल्यांदाच स्वतःचा असा थोडा वेळ येतो, आणि तो एका म्हाताऱ्या बाईच्या शेतावर गडी म्हणून राहतो. सुगीला कापणी करतो. गावात कापणीचं यंत्र येतं तेव्हा त्याच्याशी शर्यत लावतो. शेतातलं काम ज्यांनी बघितलंय, शिवारात पहिला हार्वेस्टर आला तेव्हा बांधावर उभं राहून बघणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे चेहरे ज्यांनी बघितलेत, त्यांनी हे जरूर वाचावं. त्याच पुस्तकात जादूगारांचं एक वेगळं कथानक पण चालतं, ते मला तेवढं जमलेलं वाटत नाही, तिथं पानं जरा भरभर गेली तरी चालतील.

द वी फ्री मेन, २००३. लहान मुलांसाठी म्हणून लिहिलेल्या टिफनी एकिंगच्या पाच पुस्तकांतलं पहिलं. नऊ वर्षांची पोरगी, मेंढपाळांच्या गावातली, धाकट्या भावाला परीराणीनं उचलून नेलं म्हणून तव्याचं हत्यार घेऊन आणायला निघते. तिची वारलेली आजी मेंढ्या राखायची, मोजकं बोलायची, तंबाखू ओढायची आणि अख्ख्या डोंगरपट्ट्यात तिचा शब्द चालायचा. माण-खटावकडच्या माणसाला ही आजी ओळखू येईल, मेंढरांमागं आयुष्य काढलेल्या अशा आज्या आपल्याकडं अजून आहेत. तिथलं मेंढ्यांचं लिखाण खरं वाटतं, वास येईल इतकं खरं. एक अडचण सांगून ठेवते, त्यातली निळी बुटकी माणसं स्कॉटिश बोलीत बोलतात आणि ते लिहिलंय पण तसंच, त्यामुळं डोळ्यांनी वाचताना अडखळायला होतं. मोठ्यानं वाचा, कानाला ऐकू आलं की निम्म्याच्या वर कळतं. घरात दहाबारा वर्षांचं मूल असेल तर दोघांनी मिळून वाचायला यासारखं दुसरं नाही.

स्मॉल गॉड्स, १९९२. हे एकटंच उभं राहणारं पुस्तक, मागचंपुढचं काही वाचायला लागत नाही. ओम नावाचा महान देव, त्याच्या नावानं मोठं राज्य चाललंय, मंदिरं, पुजारी, छळ करणारी न्यायसंस्था सगळं आहे, पण देव पृथ्वीवर येतो तर साध्या कासवाच्या रूपात अडकून पडतो, कारण लोक देवाला घाबरतात, व्यवस्थेला घाबरतात, पण देवावर मनापासून श्रद्धा असलेला माणूस एकच उरलाय, ब्रूथा नावाचा एक अडाणी शिष्य. देवाची ताकद भक्तावर चालते, भक्त सरले की देव रानातला वारा होतो, ही कल्पना. आपल्याकडं प्रत्येक शिवाराचा म्हसोबा असतो, पालीच्या खंडोबाला लाखो माणसं जातात आणि एखाद्या बांधावरच्या शेंदऱ्या दगडाला वर्षातून एकच म्हातारी नारळ फोडते, त्यामुळं हे पुस्तक आपल्याला जेवढं जवळून कळतं तेवढं इंग्लंडमधल्या वाचकाला कळत असेल का असं मला वाटतं. श्रद्धेची टिंगल नाहीये त्यात, श्रद्धेच्या नावानं चालणाऱ्या जुलमावर आहे, आणि श्रद्धाळू ब्रूथा हाच पुस्तकातला सगळ्यात चांगला माणूस आहे. कीर्तन-प्रवचनात वाढलेल्या, विचार करणाऱ्या माणसाला मी सरळ हेच हातात देते.

गोइंग पोस्टल, २००४. एका भामट्याला फासावरून उतरवून शहराचा सत्ताधीश लॉर्ड व्हेटिनारी सांगतो, की बंद पडलेलं पोस्ट ऑफिस चालू कर नाहीतर तो दरवाजा उघडा आहे, आणि दरवाज्याबाहेर खोल खड्डा. आत न वाटलेल्या पत्रांचे ढीग. समोर टॉवरवरून सिग्नल पाठवणारी एक पैसेखाऊ कंपनी. मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरवर चूल पेटलेली घरं साताऱ्याच्या गावागावांत होती, त्या घरात वाढलेल्यांना पोस्टमनचं मोल सांगायला लागत नाही. कामधंदा, कंपन्या, नोकरशाही यात रस असेल तर इथून सुरू करा. पुढं मेकिंग मनी (२००७, टांकसाळ आणि बँक) आणि रेझिंग स्टीम (२०१३, रेल्वे). गोइंग पोस्टल, मेकिंग मनी आणि रेझिंग स्टीम, एवढाच हा धागा.

चेटकिणींचा धागा नाटकं आणि लोककथा आवडणाऱ्यांसाठी. सुरुवात विर्ड सिस्टर्सनं (१९८८) करा, शेक्सपिअरचं मॅकबेथ ऐकून माहिती असेल तरी पुरतं. त्याच्या आधीचं इक्वल राइट्स (१९८७) नंतर वाचलं तर चालतं. ग्रॅनी वेदरवॅक्स ही सगळ्या सिरीजमधली सगळ्यात ताकदवान बाई आहे आणि ती जादू शक्यतो वापरत नाही, माणसाला ओळखून काम करते. जादूगार रिन्सविंडचा धागा मी शेवटी ठेवायला सांगेन, एवढंच.

दोघांत घुटमळत असाल तर

दोन पुस्तकांची सॅम्पल फोनवर किंडल अॅपमध्ये फुकट उतरवा आणि दोन्हीची सुरुवातीची पानं एकाच बैठकीत वाचा. एसटीत बसून नको, घरी, शांतपणे. हसू किती आलं ते मोजू नका, पुढं काय होतंय हे बघावंसं वाटतंय का ते बघा, कारण प्रॅचेटचा विनोद अंगवळणी पडायला थोडी पानं जातात पण माणसं पहिल्या पाचदहा पानांत पकडतात. पहिली तीसचाळीस पानं झाली आणि कुणाबद्दलच काही वाटत नसेल तर ते पुस्तक बाजूला ठेवून दुसऱ्या धाग्यातलं घ्या. अशी दोन वेगवेगळी पुस्तकं घेऊन बघितली, समजा गार्ड्स! गार्ड्स! आणि स्मॉल गॉड्स, आणि दोन्ही लागली नाहीत, तर हा लेखक तुमच्यासाठी नाही आणि त्यात काही बिघडत नाही.

क्रम कुठं पाळायचाच

इथं मी जरा कडक आहे.

नाइट वॉच (२००२) कुठल्याही यादीत सगळ्यात वर असतं, त्यामुळं बरेच जण थेट तेच मागवतात. करू नका. त्यात व्हाइम्स तीस वर्षं मागं जातो आणि त्याच्या ओळखीची सगळी माणसं त्याला तरुणपणी भेटतात, आता ती माणसं नंतर काय झाली हे तुम्हाला माहितीच नसेल तर त्या भेटीत काय उरलं? त्याच्या आधी कमीत कमी गार्ड्स! गार्ड्स!, मेन अॅट आर्म्स आणि फीट ऑफ क्ले (१९९६) ही वाचलेली हवीत, जमलं तर जिंगो (१९९७) आणि द फिफ्थ एलिफंट (१९९९) पण. मग नाइट वॉच. नंतर थड! (२००५) आणि स्नफ (२०११).

मृत्यूच्या धाग्यात मॉर्टच्या आधी सोल म्युझिक (१९९४) वाचलंत तर मॉर्टचा शेवट काय होतो ते तिथंच कळून जातं, कारण सोल म्युझिकमध्ये मृत्यूची नात सुझन येते. मॉर्ट, रीपर मॅन, सोल म्युझिक, हॉगफादर (१९९६), थीफ ऑफ टाइम (२००१), असं जा.

चेटकिणींमध्ये लॉर्ड्स अँड लेडीज (१९९२) मधूनच उचलू नका, लेखकानंच सुरुवातीला टीप देऊन आधीच्या दोन पुस्तकांत काय झालं ते सांगितलंय, यावरून समजून घ्या. विर्ड सिस्टर्स, विचेस अब्रॉड, मग हे. आणि टिफनीचं शेवटचं, द शेफर्ड्स क्राउन, प्रॅचेटचं पण शेवटचं पुस्तक आहे, त्यात चेटकिणींच्या धाग्यातली एक फार मोठी घटना आहे, म्हणून ते दोन्ही धागे संपवून सगळ्यात शेवटी.

आता एक बारीक गोष्ट, जी तक्त्यांमध्ये नीट दिसत नाही. शहर पण वाढत जातं. द फिफ्थ एलिफंटमध्ये सिग्नलचे टॉवर नुकते आलेत, द ट्रुथमध्ये (२०००) शहराला पहिलं वर्तमानपत्र मिळतं, मग पोस्ट, मग कागदी नोट, मग रेल्वे. त्यामुळं १९९९ च्या पुढची पुस्तकं, धागा कुठलाही असो, साधारण छापलेल्या वर्षाच्या क्रमानं घेतलीत तर एक मध्ययुगीन गाव हळूहळू आधुनिक शहर होताना बघायला मिळतं, आणि हा आनंद एकाच कॅरॅक्टरमागं धावताना हातून निसटतो. वर्ष शोधायला काही लागत नाही, पुस्तकाच्या आतल्या पहिल्या पानांवर छापलेलं असतं, फक्त तुमच्या आवृत्तीचं वर्ष बघू नका, पहिल्या प्रकाशनाचं बघा.

एकच धागा सलग मात्र ओढू नका. पहारेकऱ्यांची दोन झाली की मधे एक स्मॉल गॉड्स नाहीतर मॉन्स्ट्रस रेजिमेंट (२००३) सारखं एकटं पुस्तक घ्या.

वाचताना अडू नये म्हणून

बहुतेक पुस्तकांत प्रकरणं नसतात. प्रसंग संपला की एक ओळ रिकामी, आणि लगेच दुसरीकडं. रोज एक प्रकरण वाचून झोपायची सवय असलेल्यांची यात गैरसोय होते, तर रिकामी ओळ आली की तिथं थांबायचं असं ठरवून घ्या. गोइंग पोस्टलला आणि टिफनीच्या पुस्तकांना प्रकरणं आहेत, हे पण निवडताना लक्षात घ्या.

तळटिपा सोडू नका. अभ्यासाच्या पुस्तकासारख्या नसतात त्या, प्रॅचेटचे काही सगळ्यात चांगले विनोद तळटिपेत आहेत. म्हणून पहिलं पुस्तक तरी शक्यतो कागदी घ्या, फोनवर प्रत्येक टिपेला टिचकी मारून परत यायचं म्हणजे तंद्री तुटते.

प्रत्येक शब्दाला डिक्शनरी उघडू नका. इंग्लंडमधल्या जुन्या जाहिराती, गाणी, शाळकरी म्हणी यांवरचे कितीतरी विनोद आपल्याला कळणार नाहीत, ते तिथल्या आजच्या मुलांना पण कळत नसतील. गोष्ट कळतेय ना, मग पुढं चला. अख्खा उतारा कळला नाही तरच थांबा. नावांची मात्र शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलनं छोटी यादी करा, कोण, कुठल्या कामावर, कुणाचा कोण, कारण तीच माणसं पुढच्या पुस्तकात येणार आहेत आणि मधे दोन महिने गेले की विसरायला होतं.

ऐकून कळणं सोपं जात असेल तर ऑडिओबुकं आहेत. पेंग्विननं २०२२-२३ मध्ये जवळजवळ सगळी सिरीज नव्यानं रेकॉर्ड केली, त्यात तळटिपा बिल नाय वाचतो आणि मृत्यूचा आवाज पीटर सेराफिनोविचचा आहे, त्यामुळं टीप कुठली आणि गोष्ट कुठली हे कानाला लगेच कळतं. द लास्ट हिरो (२००१) मात्र ऐकू नका आणि फोनवर पण वाचू नका, ते पॉल किडबीच्या मोठमोठ्या चित्रांचं पुस्तक आहे, कागदावरच बघायचं.

पुस्तक मिळवायचं कसं

ऑनलाइन पहिल्या पाच पुस्तकांचा सेट स्वस्त दिसला म्हणून घेऊ नका. त्या पाचात तीन रिन्सविंडची, एक इक्वल राइट्स आणि एक मॉर्ट येतं, म्हणजे सुरुवातीला हवं असलेलं एकच. सुटी पुस्तकं घ्या. कव्हरवर किंवा आत नंबर छापलेला दिसला, समजा विसावी किंवा तिसावी डिस्कवर्ल्ड कादंबरी, तर घाबरू नका, तो छापल्याचा क्रम आहे. पुण्याला फेरी झाली की जुन्या पुस्तकांच्या दुकानात पण विचारा. आपल्या वाचनालयात इंग्रजी कपाट एकदा नीट बघा, मागणीची वही असते त्यात नाव लिहून या, एकानं लिहिलं तर राहून जातं, पाचसहा जणांनी लिहिलं तर विचार होतो. भिलारला जाऊन शोधू नका, तिथला भर मराठी पुस्तकांवर आहे आणि तो तसाच असावा.

आणि चौघं मित्रमैत्रिणी असाल तर सगळ्यांनी एकच पुस्तक घ्यायचं नाही. एकानं गार्ड्स! गार्ड्स!, एकानं मॉर्ट, एकानं स्मॉल गॉड्स, एकानं गोइंग पोस्टल, महिन्यानं अदलाबदल. चारही वेगवेगळ्या धाग्यांची आहेत, कशाच्याही आधी काही वाचलं तरी स्पॉयलरचा त्रास नाही, आणि चार महिन्यांत प्रत्येकाला आपला धागा कुठला ते कळलेलं असतं. मग मेन अॅट आर्म्स कुणी घ्यायचं आणि रीपर मॅन कुणी, ते तेव्हा बघा.